रिपोर्ट नॉर्मल आहे, मग पोरीचं डोकं का दुखतंय?

या वेळचं पत्र नाशिकच्या सिडकोतल्या एका आईचं आहे. बरंच मोठं होतं, थोडं कमी करून देतेय.

"ताई, माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे, सहावीपासून कबड्डी खेळते, लेफ्ट कॉर्नरला. अठरा दिवसांपूर्वी मॅचमध्ये समोरच्या मुलीचा घोटा धरायला गेली आणि त्या मुलीचा गुडघा हिच्या कानशिलावर बसला. बेशुद्ध पडली नाही. उठली, पण उठून समोरच्या टीमच्या बाजूला जाऊन उभी राहिली, सगळे हसले, सरांनी डोक्यावर पाणी ओतलं आणि ती अजून पाच मिनिटं खेळली. रात्री दोनदा उलटी झाली म्हणून ॲडमिट केलं, सीटी स्कॅन नॉर्मल आला, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. कार्डाचा फोटो पाठवलाय. घरी आलो त्या रात्री नणंद म्हणाली झोपू देऊ नका, म्हणून जागं ठेवलं. मग आठ दिवस सासूबाईंनी पडदे लावून अंधारात पाडून ठेवली, रोज दृष्ट काढली. मग मिस्टर म्हणाले बास झाले लाड, आणि कॉलेज, क्लास सगळं सुरू केलं. आता पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत डोकं दुखतं म्हणते, मिक्सर लावला की कानावर हात, संध्याकाळी मागच्या ग्राउंडवर ढोल पथकाची प्रॅक्टिस सुरू झाली की बाथरूममध्ये जाऊन बसते. पण फोनवर मैत्रिणीशी बोलताना हसते ओ, मग शंका येतेच ना. परवा युनिट टेस्टला केमिस्ट्रीत पाच मार्क पडले आणि मी तिच्यावर हात उचलला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीये. रविवारी जिल्ह्याची निवड चाचणी आहे, सर म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहे तर येऊ द्या, ग्रेस मार्कांचं पण आहे, आणि तिलाही जायचंय. ती खरंच आजारी आहे की अभ्यास टाळतेय? चाचणीला पाठवू का?"

ताई, रविवार जवळ आलाय म्हणून आधी त्याचं सांगते. नाही पाठवायचं. सरांनी फोन केला, पोरीने रडून गोंधळ घातला, ग्रेस मार्क गेले, काहीही झालं तरी या रविवारी ती मॅटवर जाणार नाही. का ते पुढे सविस्तर लिहितेच, पण निदान एवढं आत्ताच पक्कं करून टाका.

आणि दुसरं, ती खोटं बोलत नाहीये. मी बावीस वर्षं कॅज्युअल्टीत आणि वॉर्डात सिस्टर म्हणून काढलीयेत. पत्रात तुम्ही जे एकेक लिहिलंय, उजेड नको, आवाज नको, वाचलं की डोकं, चिडचिड, रडणं, टेस्टमध्ये मार्क पडणं, हे सगळं कन्कशन (डोक्याला हिसका बसून मेंदूचं काम काही दिवस बिघडणं) झालेल्या माणसाचं ठरलेलं बोलणं आहे. सोळा वर्षांच्या पोरीला नाटकच करायचं असतं तर पोटात दुखतंय म्हणाली असती. मिक्सरचा आवाज सहन न होणं तिला सुचलं नसतं.

आपल्याकडे याला मुका मार म्हणतात. खोक पडली, टाके पडले, रक्त आलं की सगळं घर उशाशी बसतं. मुका मार असला की बर्फ लावा, हळद लावा आणि कामाला लागा. हात-पायाच्या मुक्या माराला ते चालून जातं, डोक्याच्या नाही चालत.

आत काय होतं ते सांगते. बाजारातून कवडी दही स्टीलच्या डब्यात आणताना रिक्षा स्पीडब्रेकरवरून उडाली तर घरी येऊन बघा, डब्याला पोचासुद्धा नसतो पण आत दही हललेलं असतं, पाणी सुटलेलं असतं. मेंदू साधारण तेवढाच मऊ असतो, सव्वा-दीड किलोच्या आसपासचा गोळा, कवटीच्या आत पाण्यात तरंगत असलेला. गुडघा कानशिलावर बसला, डोकं झटक्यात फिरलं, कवटी थांबली पण आतला मेंदू क्षणभर फिरत राहिला आणि त्यातले बारीक धागे, ज्यातून एका पेशीचा निरोप दुसरीकडे जातो, ते ताणले गेले. म्हणून मार डोक्यालाच लागला पाहिजे असंही नाही, गाडीला मागून जोरात धडक बसून नुसतं डोकं हिसडलं गेलं तरी कन्कशन होतं.

धागे ताणले की पेशींच्या आत-बाहेरच्या क्षारांचा तोल बिघडतो, पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत घुसतं आणि ते परत जागच्या जागी ढकलायला पेशीला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते. आणि नेमका त्याच दिवसांत मेंदूचा रक्तपुरवठा थोडा कमी झालेला असतो. म्हणजे खर्च वाढलाय आणि पगार कापलाय. घरात लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखा आणि एक ट्यूब चालते, पण त्यात मिक्सर लावला की ट्रिप होतो ना, तसं तिचं चाललंय. फोनवर मैत्रिणीशी पाच मिनिटं हसणं म्हणजे पंखा-ट्यूब झाली. केमिस्ट्रीचं समीकरण म्हणजे मिक्सर. तुम्हाला शंका आली ती याच्यामुळे आली, पण हसता येतंय म्हणून अभ्यास जमायलाच पाहिजे असं नसतं.

मग सीटी नॉर्मल कसा? सीटी बघतो हाड मोडलंय का आणि आत रक्त साठलंय का. तेवढं बघायला तो फार चांगला आहे आणि तुमच्या मुलीला उलट्या झाल्यावर तो काढला हे बरोबरच झालं. पण ताणलेला धागा आणि पेशीतल्या क्षारांची गडबड सीटीत दिसत नाही, साध्या एमआरआयमध्येही बहुतेक वेळा दिसत नाही. कन्कशनचा सीटी नॉर्मलच येतो. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ जीवाला धोका असणारा रक्तस्राव नाही, ऑपरेशन लागणार नाही, एवढाच. डोक्याला काही झालंच नाही असं तो कागद कुठेही म्हणत नाही, ते आपण म्हणतो.

कार्डावर जीसीएस १५/१५ लिहिलंय ते बघून मिस्टर म्हणाले असतील की पंधरापैकी पंधरा आहेत अजून काय पाहिजे. हे ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी, टीसडेल आणि जेनेट यांनी, १९७४ मध्ये काढलेलं, पेशंट किती शुद्धीत आहे याचं मोजमाप आहे. डोळे उघडण्याचे ४, बोलण्याचे ५, हातपाय हलवण्याचे ६, सगळे मिळून १५, आणि अगदी काहीच प्रतिसाद नसला तरी ३. पेशंट आपणहून डोळे उघडतो, नाव-गाव-वार बरोबर सांगतो, हात वर कर म्हटलं की करतो, झाले पंधरा. त्यात फिजिक्सचं गणित सुटतं का, अर्धा तास वाचता येतं का, हे कुठेच नाही. १३ ते १५ असलं की आम्ही माइल्ड लिहितो, ९ ते १२ मॉडरेट, ८ किंवा खाली सिव्हिअर. हा माइल्ड शब्दच घात करतो असं माझं स्वतःचं मत आहे. वॉर्डात तो जीव जाण्याच्या हिशोबाने वापरतात, की हा पेशंट आज रात्री व्हेंटिलेटरवर जायचा नाही. घरी लोक त्याचा अर्थ किरकोळ असा लावतात.

मी पण लावला होता. माझा मोठा भाऊ सातपूरला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता, शिडीवरून पडला, पाठीवर आणि डोक्याच्या मागच्या बाजूला मार, तपासणीत काही निघालं नाही. चौथ्या दिवशी तो म्हणाला डोकं गरगरतंय, अजून दोन दिवस राहतो घरी, तर वडील त्याला कामचोर म्हणाले आणि मी, तेव्हा नोकरीला लागून सहा वर्षं झालेली, युनिफॉर्म घालून उभी होते दारात, मी म्हणाले अरे रिपोर्ट चांगले आलेत ना, जा की. तो गेला. त्याच आठवड्यात मशीनवर हात काढायला अर्धा सेकंद उशीर झाला आणि उजव्या तर्जनीचं पेर गेलं. आजही तो चहाचा कप धरतो तेव्हा माझं लक्ष त्या बोटाकडे जातं. त्याने मला कधी काही ऐकवलं नाही. ताई, तुमचं हात उचलल्याचं वाचलं तेव्हा मला तो दरवाजाच आठवला. तुम्ही वाईट आई नाही, पण हात परत नाही उचलायचा, आणि गालावर-डोक्यावर तर कधीच नाही, आत्ताच्या दिवसांत तर हलकी चापटसुद्धा नको.

तो जो अर्धा सेकंद आहे ना, त्याच्यामुळेच रविवारी नाही म्हणतेय. कन्कशननंतर काही दिवस माणसाचा प्रतिसाद मंदावतो, तोल किंचित हुकतो. कॉर्नरला खेळणाऱ्या पोरीचं सगळं काम त्या अर्ध्या सेकंदाचं आहे, रेडरचा पाय आत आला की खाली वाकून घोटा धरायचा, आणि वाकलं की डोकं बरोबर समोरच्याच्या गुडघ्याच्या उंचीला येतं. म्हणजे पहिल्यांदा लागलं त्याच जागी परत लागण्याची शक्यता जास्त. पहिला मार भरून आलेला नसताना दुसरा बसला तर लक्षणं कितीतरी लांबतात. आणि क्वचित, फार क्वचित, पण वयात आलेल्या मुलामुलींमध्येच जास्त बघितलेलं, मेंदूला काही मिनिटांत अशी सूज येते की हॉस्पिटल गाठेपर्यंत हातातून गोष्ट गेलेली असते. दुर्मिळ आहे म्हणून मी तुम्हाला घाबरवत बसणार नाही, पण एका निवड चाचणीसाठी कुणी तो धोका घेऊ नये.

सरांवर मी फार रागावलेली नाही, बहुतेकांना हे कुणी शिकवलेलंच नसतं. पण उठून दुसऱ्याच टीमच्या बाजूला जाऊन उभी राहिली हेच कन्कशनचं सगळ्यात स्पष्ट लक्षण होतं, तिथेच तिला बाहेर काढायला पाहिजे होतं. खेळाडू बेशुद्ध पडला तरच कन्कशन असा समज आहे, प्रत्यक्षात खेळातल्या बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध जातच नाही. भांबावलेली नजर, तोच प्रश्न परत परत विचारणं, स्कोअर विसरणं, पाय लटपटणं, एवढं दिसलं तरी बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही, कितीही म्हणाली बरं वाटतंय तरी. क्रिकेटवाल्यांना पण हे उशिराच कळलं. २०१९ च्या ऑगस्टपासून इंटरनॅशनल क्रिकेटमध्ये कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घ्यायची सोय झाली आणि त्याच महिन्यात लॉर्ड्सला आर्चरचा बॉल स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तपासणी केली, ठीक वाटला, परत येऊन त्याने ९२ पर्यंत मजल मारली, आणि लक्षणं दिसली दुसऱ्या दिवशी सकाळी. मग त्याच्या जागी लाबुशेन आला. एवढे डॉक्टर बाऊंड्रीवर असताना असं होतं, तर शाळेच्या ग्राउंडवर बाटलीभर पाणी ओतून काय कळणार.

आता घरात काय करायचं. तुमच्याकडे दोन्ही टोकं झालीयेत, आधी आठ दिवस अंधार आणि मग एकदम कॉलेज प्लस क्लास. पूर्ण विश्रांती लागते ती पहिले एक-दोन दिवस, म्हणजे २४ ते ४८ तास, तेव्हा मोबाईल-टीव्ही पण कमीत कमी. त्यानंतर अंधारात पाडून ठेवलं तर उलट बरं व्हायला वेळ लागतो, झोपेचं चक्र बिघडतं, अंगातली ताकद जाते, आणि सोळा वर्षांचं पोर एकटं पडून पडून नुसतं स्वतःच्या डोक्यातल्या दुखण्याकडेच बघत बसतं. सासूबाईंनी मायेने केलं, त्यांना काही बोलू नका, दृष्ट काढायची तर काढू द्या, पण पडदे उघडा. आणि नणंदेचं ते झोपू न देण्याचं, ते फार जुनं आहे, सगळीकडे ऐकायला मिळतं. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलंय, माणूस नीट बोलतोय, तर झोपू द्यायचं, झोपेतच मेंदू भरून येतो. मध्ये उठवून बघायला डॉक्टरांनी सांगितलं असेल तर तेवढं उठवा, बाकी रात्रभर जागरण करवून काहीच मिळत नाही.

उद्यापासून सकाळी पंधरा-वीस मिनिटं चालायला घेऊन जा, तुमच्या सेक्टरच्या गार्डनला किंवा रविवारी सगळेच गोल्फ क्लबच्या ट्रॅकला, ऊन चढायच्या आत. निघताना विचारा डोकं दहापैकी किती दुखतंय. समजा ती म्हणाली तीन. चालून आल्यावर चार किंवा पाच झालं आणि तासाभरात परत तीनवर आलं तर चालतं, घाबरायचं नाही. सहा-सात झालं किंवा दुपारपर्यंत उतरलंच नाही तर उद्या थोडं कमी चाला. हाच हिशोब अभ्यासाला लावा, वीस मिनिटं पुस्तक, दहा मिनिटं डोळे मिटून, परत वीस. तिला स्वतःला आकडा लिहायला द्या वहीत, खेळाडू पोरं आहेत ना, त्यांना आपला स्कोअर आपण ठेवायला आवडतो, आणि तुम्हालाही रोज उठून "आज खरंच दुखतंय का" विचारावं लागणार नाही, त्या प्रश्नानेच पोरी दुखावतात.

कॉलेजला डॉक्टरांची चिठ्ठी द्या. अर्धा दिवस, पुढच्या बाकावर पण खिडकीच्या उजेडापासून लांब, पीटी नाही, टेस्ट पुढे ढकलून किंवा जास्तीचा वेळ देऊन, आणि डोकं भणभणलं तर शांत जागी पंधरा मिनिटं बसायची परवानगी. बहुतेक शिक्षक ऐकतात, तोंडी सांगितलं तर विसरतात, म्हणून लेखी. क्लास दोन आठवडे बंद. फीचे पैसे गेल्याचं दुःख मला समजतं पण तिथे तीन तास प्रोजेक्टरसमोर ती काही शिकत नाहीये, नुसती सोसतेय. ढोलाच्या वेळेला तिला तासभर तुमच्या माहेरी किंवा ओळखीच्या कुणाच्या घरी नेता आलं तर बघा. गणपतीचे दिवस आहेत, पोरांची प्रॅक्टिस बंद होणार नाही आणि आपणही सांगू नये, पण नाशिक ढोल काय चीज आहे हे आपल्याला माहीत आहे, धडधाकट माणसाच्या छातीत वाजतो तो.

डोकेदुखीची गोळी पॅरासिटामॉल ठीक आहे, पण रोज द्यायची सवय नको, आठवड्यात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त लागत असेल तर ती गोळीच पुढे डोकेदुखी सुरू ठेवते, डॉक्टरांना सांगा. आणि मार लागल्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांत ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनसारखं काही मनाने देऊ नये, आत रक्तस्राव असला तर तो वाढू शकतो, हे पुढच्या वेळेसाठी घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा.

डॉक्टरांना एकदा परत दाखवायचंच आहे, न्यूरोवाल्यांना, सिव्हिलच्या ओपीडीला गेलात तरी चालेल. जाताना या तीन गोष्टी मुद्दाम सांगा नाहीतर राहून जातात. वाचताना ओळ निसटते का, अक्षरं दोन दिसतात का, कारण कन्कशननंतर दोन्ही डोळ्यांनी जवळचं एकत्र बघायचं कसब कधीकधी बिघडतं आणि सगळे म्हणतात लक्ष नाही अभ्यासात. कुशीवर वळताना किंवा पटकन मान फिरवली की घेरी येते का, कारण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हिसका बसलेला असू शकतो आणि त्याला फिजिओथेरपीत व्यायाम आहेत, फार छान उपयोग होतो. आणि मान दुखते का, कारण गुडघ्याच्या त्या हिसक्यात मानेचे स्नायूही ताणले जातात आणि डोक्याच्या मागून वर चढणारं दुखणं पुष्कळदा मानेचंच असतं. तिन्हीला इलाज आहेत पण कुणी विचारलंच नाही तर पोरगी सहा महिने डोकं धरून बसते.

एवढे दिवस का लागतायत म्हणून मिस्टर विचारतील. मोठ्या माणसांचं बहुतेक दोन आठवड्यांत आटोक्यात येतं, मुलांना चार आठवड्यांपर्यंत लागू शकतं, म्हणजे अठराव्या दिवशी ती अजून वेळेतच आहे. त्यात आठ दिवस अंधार आणि मग एकदम सगळा लोड, म्हणून थोडं लांबलं असेल. महिना उलटूनही असंच राहिलं तर मात्र थांबायचं नाही, तेव्हा वेगळी तपासणी लागते. बाकी एक कन्कशन नीट बरं होऊ दिलं तर आयुष्यभराचं काही मागे राहत नाही बहुतेकांना, बारावीची चिंता आजच करू नका.

मात्र काही गोष्टी अशा आहेत की दिसल्या की डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, १०८ लावायचा किंवा रिक्षात घालून निघायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. डोकं वाढत वाढत जातंय आणि थांबत नाहीये, परत परत उलट्या, झोपेतून नीट जागं होत नाहीये, बोलणं जड किंवा अडखळतंय, एक हात-पाय ढिला पडलाय, आकडी आली, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसतेय, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं किंवा रक्त येतंय, कानाच्या मागे किंवा दोन्ही डोळ्यांभोवती न मारताच काळंनिळं झालंय, माणसं ओळखत नाहीये. हे मुख्यतः पहिल्या एक-दोन दिवसांत होतं, तुमच्या मुलीचे ते दिवस गेलेत, तरी कागदावर लिहून फ्रिजला लावा. मधल्या काळात माणूस अगदी बरा दिसू शकतो म्हणून सांगतेय. आपला क्रिकेटर रमण लांबा, १९९८ च्या फेब्रुवारीत ढाक्याला क्लब मॅचमध्ये शॉर्ट लेगला हेल्मेट न घालता उभा होता, बॉल डोक्यावर बसला, स्वतःच्या पायांनी ग्राउंडबाहेर गेला, आणि तीन दिवसांनी गेला. ३८ वर्षांचा होता. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साठायला लागलं की आधी काही वेळ पेशंट बोलतो-चालतो आणि मग अचानक ढासळतो, हे मी ड्युटीवर दोनदा डोळ्यांनी बघितलंय.

सासूबाईंचं पण एक, तुम्ही पत्रात शेवटी लिहिलंय की त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. त्या कधी बाथरूममध्ये घसरल्या, नुसतं टेंगूळ आलं, तरी त्याच दिवशी दाखवायचं. म्हाताऱ्या माणसांत रक्त हळूहळू साठतं, दोन-तीन आठवड्यांनी चालण्यात फरक पडतो, विसरायला लागतात आणि आपण वयावर घालतो.

आणि मिस्टर तिला क्लासला स्कूटरवर सोडतात ना, तर मागे बसणारीलाही हेल्मेट, आयएसआय मार्कचं, पट्टा लावून. कायद्यातही तसंच आहे. हेल्मेटने गाडीवरच्या माणसाचा जीव जाण्याचा धोका साधारण ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं जगभरचे अभ्यास एकत्र करून निघालंय. फक्त हिला अजून पंधरा दिवस खड्ड्यांतून स्कूटर नकोच, सिटीलिंकची बसही गर्दीच्या वेळी नको.

परत खेळायचं कधी, तर आधी पूर्ण दिवस कॉलेज बिनत्रासाचं झालं पाहिजे, मग कबड्डी. चालणं, मग हलकं पळणं, मग रिकाम्या मॅटवर एकटीने फूटवर्क, कुणी अंगाला लागणार नाही असं. इथपर्यंत थोडं डोकं दुखलं तरी चालतं. याच्या पुढे जायचं तर पळून घाम आला तरी एकही लक्षण नको, मगच टीमबरोबर प्रॅक्टिस पण पकड नाही, मग डॉक्टरांची लेखी परवानगी, मग पकडीसकट प्रॅक्टिस, आणि सगळ्यात शेवटी मॅच. प्रत्येक पायरीला कमीत कमी एक दिवस, त्रास झाला की एक पायरी मागे. आज सगळं डोकं दुखायचं थांबलं असं धरलं तरी आठवडा लागतो, म्हणजे रविवार कुठल्याच हिशोबात बसत नाही. सरांना हेच पायऱ्यांचं सांगा, "डॉक्टरांची लेखी परवानगी मिळाली की स्वतः घेऊन येते" म्हणा, आणि तिला अधूनमधून पंधरा मिनिटं प्रॅक्टिस बघायला जाऊ द्या, टीमपासून तुटल्याचं दुःख केमिस्ट्रीच्या पाच मार्कांपेक्षा मोठं आहे तिच्यासाठी.

रडणं-चिडणं हा दुखापतीचाच भाग आहे, पण ती जर जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली, किंवा दोन आठवडे कशातच मन लागेना, तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात, तुम्ही स्वतःसाठीही करू शकता.

आणि ती बोलत नाहीये त्याचं. मोठं भाषण नको, तिला आत्ता लांब वाक्यंही थकवतात. आज रात्री मिक्सर लावायच्या आधी तिच्या खोलीत जाऊन सांगा, "मिक्सर लावतेय गं, दार ओढून घेऊ का?" मग दार ओढा, वाटण वाटून घ्या, आणि परत जाऊन एवढंच म्हणा की मला कळलं नव्हतं, माझं चुकलं. डॉक्टरांकडे जाऊन आलात की मला लिहा, डोळ्यांचं काय म्हणाले ते मुद्दाम कळवा.